दार लागलंय आणि किल्ली आत: घरातल्या वस्तूंनी दार उघडायचं कसं

दार अडकलं की घरातला पहिला माणूस खांदा लावतो आणि दुसरा स्वयंपाकघरातून सुरी घेऊन येतो. त्याने दार क्वचितच उघडतं. चौकटीचं लाकूड मात्र फुटतं, आणि सुरीचं टोक कुलपात तुटून राहिलं की नंतर येणाऱ्या किल्लीवाल्याचंही काम अवघड होतं.

खरं तर बेडरूम-बाथरूमच्या दारांना जी कुलपं असतात त्यातली बरीचशी गरज पडली तर बाहेरून उघडता यावीत अशीच बनवलेली असतात. ती सोय कुठे आहे हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. मुख्य दाराची गोष्ट उलटी आहे. ते बाहेरून उघडू नये म्हणूनच बसवलेलं असतं, त्यामुळे तिथे जुगाड कमी आणि फोन जास्त. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. हत्यारं शोधायच्या आधी

आत कोणी आहे का आणि ते बोलतंय का, हे पहिलं पाहा. वयस्कर माणूस बाथरूममध्ये आहे, हाका मारून उत्तर येत नाही, अशी वेळ असेल तर पट्ट्या आणि सुया विसरा. एकाने १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि दुसऱ्याने थेट पायरी ८ कडे जायचं.

लहान मूल आत असेल तर एका माणसाने फक्त त्याच्याशी बोलत बसायचं. दुसरं काहीही त्याने करायचं नाही. दारावर पाच जण मिळून धडका मारायला लागले की मूल घाबरतं आणि कडीला हातही लावत नाही. गीझरचं बटण बाहेर असेल तर बंद करा. बादली भरलेली आहे का ते आठवा. भरलेली असेल आणि मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर वेळ दवडू नका. अशा मुलासाठी भरलेली बादली ही बंद दारापेक्षा मोठी काळजी आहे.

तिसरा प्रश्न गॅसचा. तुम्ही बाहेर, दार बंद आणि शेगडीवर दूध असेल, तर पाइपच्या गॅसला बहुतेक ठिकाणी घरात शिरण्याआधी एक खटका असतो. त्याची दांडी पाइपला आडवी केली की गॅस बंद. सिलिंडर असेल तर बाहेरून काही करता येत नाही, सरळ १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. जळका वास नसून गॅसचाच वास येत असेल तर बेल वाजवू नका, जिन्यातला दिवा लावू नका, लांब जाऊन फोन करा: सिलिंडर असेल तर १९०६ वर, पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर. बेलच्या बटणातली ठिणगीही पुरते.

२. दार कुलपानेच अडलंय ना?

जुलै-ऑगस्टात ही शंका आधी घ्यायची. लाकडी दार पाणी पिऊन फुगतं आणि चौकटीत आवळून बसतं, आणि आपण तासभर कुलपाशी झटत राहतो.

तळहाताने दार तीन जागी दाबून पाहा: वरचा कोपरा, मुठीजवळ, खालचा कोपरा. वर-खाली किंचित हलतं पण मुठीपाशी घट्ट, तर कुलूप. मुठीपाशी मोकळं पण वरचा किंवा खालचा कोपरा दगडासारखा, तर दार फुगलंय, किंवा त्या कोपऱ्यात कडी लागलीय. फुगलेल्या दाराची मूठ पूर्ण फिरवून धरा आणि ज्या कोपऱ्यात ते आवळलंय तिथेच तळहाताच्या टाचेने ठोके द्या. मधे कितीही जोर लावला तरी उपयोग नाही.

अजून एक प्रकार म्हणजे झुकलेलं दार. बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार मुठीच्या बाजूला खाली येतं आणि लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीत घासून अडकते. मूठ फिरते, पण जीभ पूर्ण आत येत नाही. अशा वेळी मूठ दोन्ही हातांनी धरून दार वर उचला, आणि उचलूनच फिरवा. दोन-तीन मिलिमीटरचाच प्रश्न असतो.

३. कुलूप ओळखा आणि दार कुठे उघडतं ते पाहा

बिजागरीची गोल नळी तुमच्या बाजूने दिसत असेल तर दार तुमच्याकडे उघडतं. दिसत नसेल तर पलीकडे. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून अंदाजाने चालू नका.

मग दाराच्या मुठीकडे बघा. गोल मूठ असेल आणि तिच्या मधोमध बारीक भोक किंवा चीर असेल तर पायरी ५. आडवं हँडल असेल आणि त्याखाली नाण्याच्या जाडीची खाच किंवा किल्लीचं भोक असेल तर पायरी ६. बाहेरून काहीच दिसत नाही, नुसती खेचायची कडी आहे, तर आत टॉवर बोल्ट (दांडी सरकवून लागणारी कडी) किंवा बेबी लॅच (आतूनच लागणारी छोटी कडी) आहे: पायरी ८.

लॅचच्या जिभेबद्दलही आत्ताच समजून घ्या. स्प्रिंगवर चालणाऱ्या जिभेला एका बाजूने उतार असतो, म्हणून दार नुसतं ढकललं तरी लागतं. दार लागताना जी बाजू चौकटीवर आपटते त्या बाजूला हा उतार असतो. म्हणजे पलीकडे उघडणाऱ्या दारात उतार तुमच्या बाजूला, तुमच्याकडे उघडणाऱ्या दारात पलीकडे. किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारा चौकोनी बोल्ट वेगळा. त्याला उतार नसतो आणि तो कुठल्याही पट्टीने मागे सरकत नाही.

४. काय काय गोळा करायचं

एकदाच सगळं आणून दाराशी ठेवा, दर वेळी उठून शोधण्यात घाई वाढते.

- जुन्या छत्रीची एक काडी, किंवा विणायची बारीक लोखंडी सुई. कागदाची क्लिप आणि सेफ्टी पिन मऊ असतात, आत जाऊन वाकतात.
- दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणि कात्री.
- स्टीलची एक फुटाची पट्टी, किंवा पातळ पात्याचं उलथनं.
- एक नाणं, एक चमचा.
- साधा आणि फुलीचा, असे दोन स्क्रू ड्रायव्हर. अ‍ॅलन कीचा (षटकोनी वाकड्या किल्ल्यांचा) संच असेल तर उत्तम.
- मोठं वर्तमानपत्र. चौकोनी घडीचं मासिक नको.
- खलबत्त्यातला बत्ता. हातोडी नसेल तर ठोकायला याच्याइतकं आटोपशीर दुसरं काही नाही.
- मोबाइलचा टॉर्च.
- तारेचा हँगर आणि पक्कड.

तेल म्हणून खोबरेल वापरू नका. थंडीत ते कुलपाच्या आत गोठतं आणि उरलेल्या दिवसांत धूळ धरून ठेवतं. किल्ली जड फिरत असेल तर शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या दात्यांवर घासून ती चार-पाच वेळा आत-बाहेर करा.

५. गोल मूठ, मधे भोक

हे सगळ्यात सोपं. आतून बटण दाबून लागणाऱ्या मुठीला बाहेरच्या बाजूने मधोमध दोन-तीन मिलिमीटरचं भोक असतं. छत्रीची काडी सरळ करून त्यात घाला. तिरकी गेली तर मुठीच्या आतल्या पत्र्याला लागून थांबते आणि आपल्याला वाटतं की तळ लागला. साधारण तीन ते पाच सेंटिमीटर आत गेल्यावर काहीतरी किंचित मागे दबतं. स्प्रिंगचा तो मऊपणा बोटाला कळतो. तिथे सरळ दाब दिला की आतलं बटण ‘टक’ करून बाहेर येतं.

दाबूनही काही होत नसेल तर काडी दाबूनच ठेवा आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवा. काही मुठींत आत दाबायचं बटण नसून चपटी खाच असते. ती दाबून नाही, फिरवून उघडते. काडीचं टोक फरशीवर ठेवून बत्त्याने दोन ठोके मारा, ते चपटं होईल. आत घालून खाच सापडेपर्यंत हळूहळू फिरवा. खाचेत बसलं की फिरणं थांबतं. तिथून पाव वळसा.

मधे भोक नसून किल्लीचं भोक असेल तर आधी घरातल्या बाकी खोल्यांच्या किल्ल्या लावून पाहा. स्वस्त मुठींत एकाची किल्ली दुसऱ्याला चालून जाते. तसं झालं तर दार उघडलं म्हणून आनंद माना आणि पुढच्या आठवड्यात ते कुलूप बदला. नाही लागली तर पायरी ७.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक टीप: तिथल्या घरांत आतल्या दारांना ही गोल मूठ सर्रास असते आणि तिच्यासोबत एक छोटी सळई मिळते. दाराच्या चौकटीवर हात फिरवून पाहा, आधीच्या भाडेकरूने बहुधा तिथेच ठेवली असेल.

६. आडवं हँडल

बाथरूमच्या हँडलच्या खाली बाहेरून एक गोल चकती आणि तिच्यावर खाच असते. नाणं घालून फिरवा. नाणं जाड पडलं तर चमच्याचं मागचं टोक. चकती रंगाच्या थराखाली बुजलेली असते असंही होतं. रंगाऱ्याने दार रंगवताना ती काढलेली नसते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडा.

हँडल नुसतं गोल गोल फिरतंय, दार उघडत नाही? मग कुलूप लागलेलंच नाही. दोन्ही हँडलांना जोडणारी चौकोनी सळई, साधारण ८ मिलिमीटरची, एका बाजूला सरकली आहे किंवा हँडलचा छोटा स्क्रू झिजला आहे. हँडलच्या मानेपाशी खालच्या बाजूला बघा. तिथे अ‍ॅलन कीचा बारीक स्क्रू असतो. तो सैल करा, हँडल ओढून काढा. आत चौकोनी भोक दिसेल. त्यात बंद कात्रीची टोकं किंवा जाड स्क्रू ड्रायव्हर घट्ट बसेल असा घाला आणि हँडल जसं खाली दाबतो त्या दिशेला फिरवा. सैल बसत असेल तर टोकाला कापडी पट्टी गुंडाळा.

किल्लीने चौकोनी बोल्ट टाकलेला असेल तर मात्र ही सळई फिरवून फक्त जीभ आत येईल, बोल्ट जागेवरच राहील.

७. जीभ आणि किल्ली

इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

*किल्ली आतल्या बाजूने भोकातच अडकलेली.* जुन्या पद्धतीच्या, आरपार भोकाच्या कुलपात वर्तमानपत्राची जुनी युक्ती अजून चालते, पण दाराखाली फट हवी. किल्लीची मूठ फटीतून निघाली पाहिजे, म्हणून दाराखाली आधी पेन सरकवून पाहा. संगमरवरी उंबरा असेल आणि पेन जात नसेल तर सोडून द्या.

भोकातून टॉर्च मारा. किल्लीचं पातं आडवं असेल तर ती निघणार नाही, उभं करावं लागेल. चपट्या केलेल्या छत्रीच्या काडीने तिला ढकलत ढकलत फिरवायचं, घाई न करता. मग वर्तमानपत्र पूर्ण उघडून, दुहेरी करून दाराखाली सरकवा, साधारण दीड फूट आत, भोकाच्या बरोबर खाली. एकेरी कागद चुरगळतो. पेन्सिलीने किल्ली आत ढकला. ती पडल्याचा आवाज नीट ऐका. कागदावर पडली तर आवाज बोदा येतो, फरशीवर पडली तर खणखणीत. कागद सरळ ओढा, झटका देऊ नका. किल्ली उडून कागदाबाहेर गेली असेल तर तारेच्या हँगरचा आकडा करून फटीतून चाचपडत बसण्यापलीकडे इलाज नाही.

*दार नुसतं ओढलं गेलंय, जीभ लागलीय, किल्ली फिरवलेली नाही.* इथे प्लास्टिकची पट्टी. एटीएम कार्ड किंवा आधारचं प्लास्टिक कार्ड वापरू नका. ते कडक असतं, चौकटीच्या वळणावर तडकतं आणि चिपही जाते. बाटलीच्या मधल्या गुळगुळीत भागातून आठ सेंटिमीटर रुंद आणि वीस लांब पट्टी कापा, कोपरे गोल करा.

पलीकडे उघडणाऱ्या दारात अडचण ही असते की आपल्या लाकडी चौकटीला आत खाच असते आणि दार त्या खाचेत बसतं. म्हणजे फट सरळ नसते, काटकोनात वळते. कडक कार्ड तिथेच अडतं. बाटलीचं प्लास्टिक वळतं. जिभेच्या एक वीत वर पट्टी घाला, वळण पार होईपर्यंत हलवत सरकवा आणि मग खाली जिभेपर्यंत आणा. आता दार स्वतःकडे किंचित ओढून धरा, म्हणजे जिभेवरचा दाब सुटतो. पट्टी आत दाबत राहा आणि दार बारीक बारीक हलवा. जिभेच्या उतारावर पट्टी चढली की हाताला एकदम पोकळ लागतं. त्याच क्षणी दार ढकला.

बहुतेक जण चुकतात ते इथे: पट्टी दाबतानाच दारही जोराने ढकलतात. ढकललेल्या दाराची जीभ चौकटीच्या पट्टीत करकचून बसते, मग ती सरकतच नाही.

दार तुमच्याकडे उघडत असेल तर उतार पलीकडे असतो. मग हँगरची तार काटकोनात वाकवून जिभेच्या मागून घालायची आणि स्वतःकडे ओढायची. फट तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जमत नाही.

जिभेशेजारी आणखी एक बारीक खुंटी असलेलं लॅच असेल तर पट्टीचा नाद सोडा. दार बंद असताना ती खुंटी दाबलेली राहते आणि जीभ मागे सरकू देत नाही. ती नेमकी याच युक्तीसाठी बसवलेली असते.

८. आतून कडी

आकड्याची कडी, म्हणजे चौकटीतल्या डोळ्यात अडकणारा हूक, स्टीलच्या पट्टीने किंवा उलथन्याने फटीतून खालून वर उचलला की सुटतो. एक मिनिटाचं काम.

दाराच्या वरच्या टोकाला उभा बोल्ट असेल आणि त्याचं बोंड खाचेत वळवलेलं नसेल तर दार गदागदा हलवा. बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली घसरतो. लहान मुलांचा हात तिथे पोचत नाही, त्यामुळे हे मोठ्यांच्याच कामाचं.

आडवा टॉवर बोल्ट हाच खरा त्रास. मूल बोलण्याइतकं मोठं असेल तर त्याला ‘कडी काढ’ एवढंच सांगून भागत नाही. ‘बोंड वर कर, आता नळाकडे ढकल’ असं आतल्या वस्तूंची नावं घेऊन सांगा. डावं-उजवं त्याला कळत नाही. दार बाहेरून स्वतःकडे किंवा आत थोडं दाबून धरा, कुठल्या बाजूला बोल्ट मोकळा होतो ते पाहा, आणि तसंच धरून मुलाला पुन्हा प्रयत्न करायला लावा. मुलाला कडी सरकत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: दाराचा दाब बोल्टवर असतो.

ते जमलं नाही तर दार तोडायचं, पण नीट. दार पलीकडे उघडत असेल तरच लाथ चालते. मुलाला लांबच्या भिंतीपाशी, कमोडच्या पलीकडे उभं राहायला सांगा आणि त्याने तिथूनच हाक दिल्यावर पुढे जा. पायात बूट घाला. कडी ज्या उंचीवर आहे त्या उंचीला, चौकटीच्या शक्य तितकं जवळ, टाचेने मारा. दाराच्या मधोमध मारलं तर दार लवतं आणि जोर वाया जातो. साध्या टॉवर बोल्टचे स्क्रू अर्धा ते पाऊण इंचाचे असतात. तीन-चार टाचांत चौकटीतलं घर उपटून येतं. खांद्याने तेवढा जोर एका जागी पडत नाही, उलट खांदा निखळतो.

पीव्हीसीचं दार असेल तर लाथ मारण्यापेक्षा कापा. ते आतून पोकळ असतं. कडीच्या जवळ स्क्रू ड्रायव्हर ठेवून बत्त्याने भोक पाडा, तिथून करवतीच्या पात्याने हात जाईल एवढा चौकोन कापा, काठांवर टॉवेल टाका आणि कडी काढा. सुरी तापवून प्लास्टिक वितळवायचा मोह आवरा. पीव्हीसीचा धूर विषारी असतो, आणि आत मूल आहे.

आतला माणूस पडून दारालाच टेकला असेल तर लाथ मारू नका, दार त्याच्यावर जाईल. अशा वेळी कापणं किंवा अग्निशमन दल, दोनच मार्ग.

बिजागरीची पिन ठोकून काढण्याचा सल्ला बरेच जण देतात. दार तुमच्याकडे उघडत असेल तरच पिन हाताला येते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बिजागऱ्यांत ती दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली असते. टोकाला टोपण दिसत नसेल तर वेळ घालवू नका.

९. मुख्य दार

हेअरपिनने लॅच उघडणं पडद्यावर सोपं दिसतं. खरी पिन आत तुटते आणि मग असलेली किल्लीही लागत नाही.

तुमच्या हातात असलेला खरा उपाय म्हणजे किल्लीच बाहेर आणणं. खिडकीच्या ग्रिलमधून किल्ली दिसत असेल तर कपडे वाळत घालायची काठी आणि तिच्या टोकाला चिकटपट्टीने घट्ट बांधलेला हँगरचा आकडा घ्या. चुंबक बांधून मासे धरायला जाल तर लक्षात ठेवा: लॅचच्या किल्ल्या बहुधा पितळेच्या असतात, वर फक्त मुलामा असतो. चुंबकाला त्या चिकटत नाहीत, त्यांची कडी चिकटते. म्हणून नेम कडीवर धरायचा. किल्ली उचलल्यावर काठी आधी वर करा आणि मग मागे घ्या, नाहीतर ती ओट्याच्या कडेवरून खाली पडते आणि मग दिसतही नाही.

छज्जावरून, डक्टमधून किंवा शेजारच्या बाल्कनीतून आत जायचा विचार पहिल्या मजल्यावरही नको. छज्जा पावसाचं पाणी अडवायला असतो, माणसाचं वजन पेलायला नाही.

किल्ली कुलपात तुटली असेल तर उरलेला तुकडा ज्या स्थितीत किल्ली आत-बाहेर होते त्याच स्थितीत आहे का ते पाहा. तिरका असेल तर आधी बारीक स्क्रू ड्रायव्हरने सरळ करा, मग भुवयांचा चिमटा. फेव्हिक्विक लावून तुकडा ओढायची युक्ती फिरत असते. थेंब आत गेला की सगळं कुलूप बाद.

१०. किल्लीवाला बोलावताना

वॉचमन किंवा दुकानदाराच्या ओळखीचा असेल तर बरं. येण्याआधी फोनवरच तीन गोष्टी विचारा: फक्त उघडायचे किती, कुलूप बदलावं लागलं तर किती, रात्रीचे वेगळे का. दाराचा फोटो पाठवा, पण किल्लीचा फोटो कोणालाही पाठवू नका. फोटोवरून किल्ली बनवता येते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- त्याच पत्त्याचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र (मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर चालेल)
- अलीकडचं वीजबिल
- भाड्याचं घर असेल तर करारनाम्याची प्रत आणि घरमालकाला केलेला फोन
- सोसायटीच्या सेक्रेटरीची किंवा वॉचमनची हजेरी

चांगला किल्लीवाला हे स्वतःहून विचारतो. न विचारता कामाला लागणारा उद्या दुसऱ्या कोणासाठी तुमचंही दार असंच उघडेल.

ड्रिल मारण्याशिवाय गत्यंतर नाही असं तो म्हणाला तर फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो कुलपाचा गाभा, बदलायला सांगा. त्यासाठी पूर्ण सेट विकत घ्यायची गरज बहुधा नसते. जुना सिलिंडर सोबत नेऊन त्याच लांबीचा आणा.

दार तुमचं नसेल, शेजारचे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत किंवा भाडेकरू गायब आहे, तर वरचं काहीही करू नका. ११२ ला फोन करा आणि पोलिसांसमोरच दार उघडू द्या. भाडेकरूचं कुलूप घरमालकाने परस्पर तोडलं तरी तो गुन्हा ठरू शकतो.

११. उघडल्यावर लगेच

बाथरूमची कडी काढून जमिनीपासून पाच फुटांवर लावा. जुन्या स्क्रूंची भोकं काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून बुजवा, नाहीतर पुढचा स्क्रू त्याच भोकात सैल बसतो. गोल मूठ असेल तर तीच छत्रीची काडी दोऱ्याने बांधून बाहेरच्या चौकटीवर ठेवा. मुख्य दाराची जास्तीची किल्ली शेजारी देताना तिच्यावर फ्लॅट नंबर लिहू नका, रंगीत दोरा बांधा. आणि दूधवाला आला, कचरा ठेवायचा, बेल वाजली, म्हणून क्षणभर बाहेर पडताना लॅचचा छोटा खटका खाली करून जीभ आत अडकवायची सवय लावा. तुमच्या लॅचला तसा खटका आहे का, ते आत्ता, दार उघडं असतानाच, जाऊन पाहा.